अनुपस्थित मुलाचा शोध : सीमाभागातील शाळा आणि संगणकीय हजेरी



शाळेच्या दप्तरात अनेक नोंदवह्या असतात. दाखल-खारीज नोंदवही वर्षातून काही वेळा उघडली जाते, जडवस्तूंची नोंदवही तपासणीच्या वेळी बाहेर निघते. परंतु हजेरीपत्रक हे असे पुस्तक आहे की जे प्रत्येक दिवशी शिक्षकाच्या हाती येते. प्रार्थना आटोपली, मुले वर्गात बसली, की एकेका नावाचा उच्चार होतो आणि एकेका नावापुढे खूण पडते. हे काम इतके नित्याचे आहे की त्याचा हेतू काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र हे काम कागदावरून मोबाइलवर व संगणकावर जाऊ लागले आहे. साधन बदलत असताना हेतूचा पुन्हा विचार करणे अगत्याचे ठरते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे, आणि त्यासाठी बसवकल्याणसारखा सीमाभाग हे अत्यंत योग्य उदाहरण आहे.

सीमाभागाची पार्श्वभूमी

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी असलेले प्राचीन कल्याण. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी जातिभेदाच्या पलीकडे जाऊन विचारविनिमयाची परंपरा येथेच रुजविली. पुढे हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे विभाजन होऊन निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले, तर बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. नकाशावर रेषा पडली. पण सोयरीक, बाजारहाट, यात्रा आणि भाषा यांनी ती रेषा मानली नाही. कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा येथे एकाच गल्लीत नांदतात, आणि मराठी माध्यमाच्या शाळाही या भागात आहेत. अशा शाळेतील मूल घरी एक भाषा बोलते, बाजारात दुसरी ऐकते, आणि त्याच्या शिक्षणाची नोंद मात्र एका विशिष्ट राज्याच्या दप्तरात होते. सीमेपासून काही कोसांवर दुसऱ्या राज्याचे दप्तर सुरू होते. या दोन दप्तरांच्या मध्ये कोणते मूल हरवते काय, हा खरा प्रश्न आहे.

हजेरीच्या मागील विचार

मुलाने शाळेत यावे ही केवळ घराची नव्हे, तर राज्यकर्त्यांचीही जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानास लागू केला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविण्यात आला होता. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. दंडासाठी अर्थातच मुलांची यादी हवी, आणि कोण आले व कोण आले नाही याची नोंद हवी. म्हणजे हजेरीचा संबंध आरंभापासूनच गैरहजर मुलाशी आहे.

पुढील काळात दंडाची जागा प्रोत्साहनाने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. कर्नाटकात 'अक्षर दासोह' ही मध्यान्ह भोजनाची योजना २००२-०३ मध्ये प्रथम राज्याच्या उत्तरेकडील सात जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्यांत बीदर व त्या वेळचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, हे जिल्हे होते. 'दासोह' हा शब्द शरणांच्या परंपरेतील आहे. आपल्या श्रमातून जे मिळाले ते समाजाला अर्पण करणे, असा त्याचा आशय आहे. कल्याणच्या भूमीतील हा शब्द शाळेच्या चुलीपर्यंत आला, ही गोष्ट येथील रहिवाशांना विशेष वाटावी अशीच आहे. या योजनेने हजेरीला एक नवे महत्त्व दिले. किती मुले आली यावर किती तांदूळ शिजवायचा हे ठरू लागले.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. मुलाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि त्याचे शिक्षण पूर्ण होणे, या तिन्ही गोष्टींवर देखरेख ठेवण्याचे कर्तव्य या कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर सोपविले. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल अशी व्यवस्था करणे हेही त्याच कर्तव्यात आले. मुलाच्या उपस्थितीविषयी पालकांशी नियमितपणे बोलणे हे शिक्षकाचे काम ठरले. येथे दंड पालकाला नाही. जबाबदारी शासन, स्थानिक संस्था आणि शाळा यांची आहे. हा फरक मोठा आहे.

नोंदवहीवरचा विश्वास

हजेरीचा आकडा जसा मुलाशी जोडलेला असतो तसा तो शिक्षकांच्या पदांशी, अनुदानाशी आणि धान्याच्या पुरवठ्याशीही जोडलेला असतो. ज्या आकड्यावर लाभ अवलंबून आहे तो आकडा फुगण्याचा मोह होतो. बीदर जिल्ह्यास लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांच्या पटाची पडताळणी केली, तेव्हा पटावरील नावे आणि प्रत्यक्षातील मुले यांत मोठी तफावत आढळली. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत दाखविले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावण्यात आली. या पडताळणीत पटावर असलेली लक्षावधी मुले वर्गात आढळली नाहीत.

या घटनेचा एक अर्थ सर्वांनी ओळखला, तो म्हणजे खोट्या नावांवर सरकारी पैसा खर्च होत होता. दुसरा अर्थ मात्र तितकासा ओळखला गेला नाही. पटावर असलेल्या परंतु वर्गात न सापडलेल्या नावांपैकी सर्वच नावे काल्पनिक नव्हती. काही नावांच्या मागे खरी मुले होती. ती ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा घरी धाकट्या भावंडाजवळ होती. खोटे नाव पटावरून काढून टाकावे लागते, आणि खरे मूल शोधून आणावे लागते. दोहोंना एकाच शाईने खोडले तर हिशेब स्वच्छ होतो, पण मूल शाळेबाहेरच राहते.

संगणकीय हजेरी म्हणजे काय

या पार्श्वभूमीवर संगणकीय नोंदींचा अवलंब सुरू झाला. महाराष्ट्रात २०१५ पासून 'सरल' या प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. कर्नाटकात 'सॅट्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीत प्रत्येक मुलास एक क्रमांक मिळतो आणि त्याचा प्रवेश, प्रगती व शाळा सोडल्याचा दाखला यांची नोंद त्या क्रमांकाखाली होते. केंद्र शासनाच्या 'यू-डायस प्लस' या प्रणालीत २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय माहिती घेतली जाते व मुलास कायम शिक्षण क्रमांक दिला जातो. गुजरातने गांधीनगर येथे उभारलेल्या विद्या समीक्षा केंद्राच्या धर्तीवर अन्य राज्यांतही तशी केंद्रे निघाली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ पासून 'स्विफ्टचॅट' या मोबाइल साधनावर रोजची उपस्थिती कळविण्याची व्यवस्था करण्यात आली. कर्नाटक शासनाने २०२५ मध्ये शासकीय व अनुदानित शाळांसाठी 'निरंतर' या नावाने चेहरा ओळखून हजेरी घेण्याची योजना जाहीर केली.

या साधनांचे ढोबळ मानाने चार प्रकार करता येतील. पहिल्यात शिक्षक मोबाइलवर नावांची यादी उघडून गैरहजर मुलांवर खूण करतो. दुसऱ्यात मुलाजवळ एक कार्ड असते व ते यंत्राजवळ नेले की नोंद होते. तिसऱ्यात बोटाचा ठसा घेतात. चौथ्यात छायाचित्रावरून चेहरा ओळखला जातो. पहिल्या प्रकारात शिक्षकाच्या शब्दावर विश्वास असतो. उरलेल्या तिन्हींत तो विश्वास यंत्रावर ठेवलेला असतो. परंतु यंत्रालाही मर्यादा आहेत. कार्ड एका मुलाचे असून दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. लहान मुलांची बोटे वाढत असतात आणि शेतीकामाने, मातीने ठसे पुसट होतात. चेहऱ्याची ओळख प्रकाशावर आणि छायाचित्राच्या गुणवत्तेवर अवलंबून असते. तांड्यावरील वा आडगावातील शाळेत मोबाइलची लहर मिळाली नाही, तर शिक्षकाला सायंकाळी रस्त्यावर येऊन सकाळची हजेरी भरावी लागते. म्हणून ज्या साधनात नोंद आधी मोबाइलमध्ये साठते व लहर मिळाल्यावर पुढे जाते, ते साधन खेड्यातील शाळेस अधिक उपयोगी होय.

सीमाभागात आणखी एक अडचण संभवते. मराठी मुलाचे नाव घरी देवनागरीत, कार्यालयात कन्नडमध्ये आणि संगणकात रोमन लिपीत लिहिले जाते. प्रत्येक लिप्यंतरात एखादे अक्षर बदलते. माणसाला 'विठ्ठल' आणि 'विठल' एकच वाटतात, यंत्राला ते दोन मुलगे वाटतात. आधार पत्रावरील नाव, दाखल्यावरील नाव आणि शाळेच्या प्रणालीतील नाव जुळले नाही की मुलाची नोंद अडकते. प्रवेशाच्या दिवशीच पालकासमोर तिन्ही कागद ठेवून एकच लेखन निश्चित करणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आधार नाही म्हणून शाळेचा प्रवेश नाकारता येत नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने स्पष्ट झालेली आहे, तीही येथे ध्यानात ठेवावी.

सीमा ओलांडणारे मूल

आता मूळ प्रश्नाकडे वळणे इष्ट होईल. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दरवर्षी कामासाठी बाहेर पडतात. कोणी मुंबई, पुणे, हैदराबाद येथे बांधकामावर जातात, तर कोणी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. कोयत्याबरोबर मुलेही फडावर जातात आणि कोपीत राहतात. साखर कारखान्यांचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्णपणे या हंगामात जाते.

असे मूल एके सोमवारी शाळेत येत नाही. संगणकीय हजेरीत त्याच्या नावापुढे गैरहजेरी पडते. कर्नाटकात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शाळाबाह्य मुलांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतल्यानंतर, शाळाबाह्य ठरण्यासाठी पूर्वी असलेली ६० दिवसांच्या गैरहजेरीची मर्यादा ७ दिवसांवर आणण्यात आली. यातील तत्त्व अत्यंत मोलाचे आहे. दोन महिने वाट पाहून मग शोध घेणे म्हणजे हंगाम अर्धा संपल्यावर शोध घेणे होय. सातव्या दिवशी सूचना मिळाली तर कुटुंब कोठे गेले हे शेजाऱ्यांना ठाऊक असते आणि दूरध्वनी लागण्याचा संभव असतो. कागदी हजेरीपत्रकात सात दिवसांची रिकामी जागा कपाटात बंद राहते, तर संगणकातील नोंद त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यासमोर जाऊ शकते. संगणकीय हजेरीचा खरा लाभ येथे आहे.

परंतु त्याच क्षणी तिची मर्यादाही उघड होते. मूल निलंग्याच्या वा उमरग्याच्या परिसरात गेले असेल आणि तेथील शाळेत बसले असेल, तरी बसवकल्याणच्या प्रणालीला ते कळत नाही. येथे ते गैरहजर आणि तेथे ते पाहुणे ठरते. दाखला नाही म्हणून तेथे नाव लागत नाही. नाव लागत नाही म्हणून त्या शाळेच्या हजेरीत ते दिसत नाही. एका राज्याच्या दृष्टीने ते गळलेले मूल असते, दुसऱ्याच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते.

कायदा मात्र या मुलाच्या बाजूने आहे. शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम ५ नुसार मुलास राज्यातील किंवा राज्याबाहेरील दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा आहे, आणि दाखला येण्यास विलंब झाला या कारणावरून दुसऱ्या शाळेने प्रवेश लांबवावयाचा वा नाकारावयाचा नाही. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत अवलंबिण्यात आली, ती याच उद्देशाने. मूल कोणत्या इयत्तेत होते व कोठवर शिकले, हे कार्डावर लिहून ते पालकाच्या हाती दिले जाते. तसेच काही ठिकाणी हंगामी वसतिगृहे काढून मुलांना गावातच ठेवण्याचा प्रयत्न झाला. कायम शिक्षण क्रमांक हा सर्व देशासाठी एकच असल्यामुळे, तो क्रमांक पालकाजवळ लिहून दिलेला असेल, तर सीमेपलीकडील मुख्याध्यापकाला मुलाची नोंद शोधणे सुकर होते. क्रमांक संगणकात असून पालकाच्या खिशात नसेल, तर त्याचा उपयोग अर्धाच राहतो.

यावरून दिसून येते की यंत्र केवळ एवढेच सांगू शकते की मूल आले नाही. ते का आले नाही आणि कोठे गेले, हे शिक्षकाला, शेजाऱ्याला आणि मुकादमाला विचारूनच कळते. म्हणून हजेरीच्या प्रणालीत गैरहजेरीच्या खुणेबरोबर कारण नोंदविण्याची जागा असावी. आजारपण, घरकाम, स्थलांतर, लग्नकार्य ही कारणे निरनिराळी आहेत आणि त्यांवरील उपायही निरनिराळे आहेत. आठवीतील मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली तर त्यामागे बालविवाहाची तयारीही असू शकते. अशा वेळी विलंब परवडत नाही.

मुलाचा मान आणि मुलाची माहिती

चेहरा ओळखून हजेरी घेण्याच्या योजनेवर मुलांच्या खाजगीपणाच्या दृष्टीने आक्षेप घेण्यात आले आहेत, आणि त्यांचा शांतपणे विचार व्हावयास हवा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर दिला गेला. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी, काही अपवाद वगळता, पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केले आहे.

परदेशातील एक दाखला उद्बोधक आहे. स्वीडनमधील स्केलेफ्टिओ या नगरपालिकेच्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांवर सुमारे तीन आठवडे चेहरा ओळखून हजेरी घेण्याचा प्रयोग केला. पालकांची संमती घेतलेली होती. तरीही तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये नगरपालिकेस दोन लाख क्रोनर दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असल्यामुळे ही संमती पूर्णपणे मोकळी मानता येत नाही, आणि हजेरीसारखे साधे काम कमी उपद्रवाच्या मार्गाने होऊ शकते, अशी कारणे देण्यात आली. पासवर्ड बदलता येतो, कार्ड हरवले तर नवे मिळते. परंतु मुलाचा चेहरा आयुष्यभर तोच राहतो. तेव्हा शिक्षकाने नावाने हाक मारून केलेली नोंद पुरेशी असेल तेथे चेहऱ्याची साठवण करण्यापूर्वी, ती किती काळ ठेवली जाईल, कोण पाहील आणि केव्हा नष्ट होईल, हे पालकांना त्यांच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. सीमाभागात त्यांची भाषा म्हणजे मराठी, कन्नड आणि उर्दूही होय.

कर्तव्याची वाटणी

या सर्व विवेचनातून प्रत्येकाच्या वाट्यास काही काम येते. शिक्षकाने खूण करून थांबू नये. तिसऱ्या दिवशी घरी निरोप धाडावा आणि सातव्या दिवसापूर्वी कारण नोंदवावे. कर्नाटकातील शाला विकास व देखरेख समितीने मासिक सभेत एकूण टक्केवारीऐवजी गैरहजर मुलांची नावे वाचावीत. टक्केवारी समाधान देते, नाव कामाला लावते. ग्रामपंचायतीने दिवाळीपूर्वी कोणती कुटुंबे बाहेर जाणार आहेत याची यादी करावी. कोणती मुले आजी-आजोबांजवळ गावात राहू शकतील, हेही विचारावे. जी जाणार आहेत त्यांच्या हाती क्रमांक, इयत्ता आणि शाळेचा दूरध्वनी लिहिलेला कागद द्यावा. पालकांनी तो कागद शिधापत्रिकेइतकाच जपावा आणि पोहोचल्या गावी पहिल्या आठवड्यात शाळा गाठावी.

अधिकाऱ्यांचे काम याहून मोठे आहे. बसवकल्याण, भालकी, औराद आणि पलीकडील उमरगा, निलंगा, उदगीर या तालुक्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी हंगामाच्या आरंभी व अखेरीस एकत्र बसून याद्या ताडून पाहिल्या, तर कोणत्याही नव्या यंत्रावाचून पुष्कळ मुलांचा माग लागेल. कमी हजेरी कळविणाऱ्या शाळेस केवळ खुलासा विचारला जाणार असेल, तर पुन्हा आकडे फुगतील, आणि फुगलेला आकडा संगणकात अधिकच विश्वासार्ह दिसेल. खरी गैरहजेरी कळविणाऱ्या शिक्षकास मदत मिळाली, तरच प्रणालीत सत्य भरले जाईल.

शाहू महाराजांच्या काळी गैरहजर मुलामागे एक रुपयाचा दंड होता. आज त्याच्यामागे एक क्रमांक आहे. दंडाने पालक हलत असे. क्रमांक स्वतः कोणाला हलवीत नाही. तो पाहून ज्याने उठावयाचे, तो मनुष्य शाळेत, पंचायतीत आणि कार्यालयात असावा लागतो. ऊसतोडीचा हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. त्याच्या आधी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांनी आपापल्या याद्या तयार ठेवल्या, तर फडाकडे निघालेल्या बैलगाडीत वा ट्रकमध्ये बसलेल्या मुलाची पाटी मागे राहणार नाही.